भाड्याने दिलेले यंत्र आणि मालकाची जबाबदारी

प्रश्न : माझ्या मालकीचा जेसीबी मी ऑपरेटरसह ताशी भाड्याने देतो. बेसा परिसरातील एका लेआउटमध्ये रस्त्यालगत गटाराचे खोदकाम चालू असताना बकेटचा धक्का लागून एका दुचाकीस्वाराचा पाय मोडला. त्याच कामात जमिनीखालची वीजवाहिनीही तुटली. ठेकेदाराने ‘सर्व जबाबदारी माझी’ असे लिहून दिले आहे आणि यंत्राचा मोटार विमा चालू आहे. तरीही मला भरपाई द्यावी लागेल का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : ठेकेदाराचा कागद जपून ठेवा, मात्र जखमी माणसाच्या दाव्यात तो आपली ढाल होणार नाही. यंत्र आपल्या नावावर नोंदलेले आहे आणि ऑपरेटर आपल्या पगारावर आहे, त्यामुळे त्याच्या निष्काळजीपणाचे दायित्व मालक म्हणून आपल्यावर येते. तो कागद आपल्या दोघांतला करार आहे. जो त्यात सामील नाही, त्याचा हक्क त्याने कमी होत नाही. आपल्याला जी रक्कम भरावी लागेल ती ठेकेदाराकडून वसूल करण्यासाठी मात्र त्याचा उपयोग होऊ शकतो.

टायरवर चालणारा जेसीबी हे कायद्याने मोटार वाहनच आहे. उत्खनन यंत्रे आणि रोड रोलर यांच्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये हीच भूमिका घेतली. म्हणून सार्वजनिक ठिकाणी वापरताना, मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 146 नुसार, थर्ड पार्टी विमा सक्तीचा ठरतो. आपली पॉलिसी चालू असल्यास दुचाकीस्वाराची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या आदेशानुसार विमा कंपनीने देणे अपेक्षित आहे. ऑपरेटरकडे योग्य परवाना नसेल, तर कंपनी जखमीला पैसे देऊन ते पुढे आपल्याकडून वसूल करू शकते. ऑपरेटर ‘हात बसलेला’ आहे, एवढ्यावर परवान्याची चौकशी टाळणारे मालक बरेच आढळतात. ही काटकसर महागात पडते.

वीजवाहिनीचे प्रकरण अधिक अवघड आहे. उत्खनन यंत्रांच्या मोटार पॉलिसीला सहसा एक पुरवणी अट जोडलेली असते. यंत्र वाहन म्हणून धावताना नव्हे, तर अवजार म्हणून काम करताना घडलेल्या नुकसानीचे दायित्व, कायद्याने सक्तीचे आहे तेवढे सोडून, त्या अटीमुळे वगळले जाते. खोदताना केबल तुटणे हे अवजार म्हणून केलेले काम आहे. त्याच अटीने, काम करताना यंत्र उलटल्यास त्याच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाईही नाकारली जाऊ शकते. ते संरक्षण हवे असल्यास जादा हप्ता भरावा लागतो. विमा घेताना हप्ता पाहिला जातो आणि पुरवणी कोणी वाचत नाही, ही आमची नेहमीची तक्रार आहे. आपली पॉलिसी काढून ही अट आहे का, ते आधी पाहावे.

‘कॉन्ट्रॅक्टर्स प्लांट अँड मशिनरी’ हा वेगळा विमा मुख्यतः यंत्राला अचानक झालेल्या बाह्य नुकसानीसाठी असतो; इतरांच्या नुकसानीचे संरक्षण त्यात स्वतंत्रपणे मागून घ्यावे लागते.

पोलिसांना आणि विमा कंपनीला अद्याप कळवले नसेल, तर आजच लेखी कळवावे. कायद्याने वाहनचालकाने चोवीस तासांच्या आत पोलिसांना माहिती देणे आवश्यक असते आणि विलंबाचे कारण पुढे करून कंपन्या दावे अडवतात. कामाची लॉगशीट, ऑपरेटरच्या परवान्याची प्रत आणि खोदण्यापूर्वी भूमिगत वाहिन्यांची माहिती कोणी, कोणाकडे मागितली होती याचा पुरावा एकत्र ठेवावा; ती माहिती देण्याचे काम ठेकेदाराचे होते असे आपल्या करारात असेल, तर वाहिनीच्या भरपाईचा बराच भार त्याच्याकडे वळवता येईल.