बेदाणा कशावर विकला जावा?

प्रिय मित्रा,

तुझा हिशेब नीट वाचला. पिंपळगावच्या व्यापाऱ्यांपेक्षा किलोमागे दहा रुपये कमी लावून बेदाण्याच्या धंद्यात शिरायचं, असं तू म्हणतोस. त्या वाटेला जाऊ नकोस. तू भाव पाडलास की तेही पाडतील, आणि तोटा सोसायची ताकद त्यांच्याकडे जास्त आहे.

आपल्या नाशिकच्या वाइनचं बघ. इथे खायच्या द्राक्षांचा मुलूख. वाइनला गिऱ्हाईकच नव्हतं. २००० साली सुला या नाशिकच्या वाइन कंपनीची पहिली वाइन आली, पण तिचे संस्थापक राजीव सामंत नुसती बाटली काढून थांबले नाहीत. शेतकऱ्यांशी दीर्घ मुदतीचे करार केले, तेव्हा कुठे लोक वाइनची द्राक्षं लावायला धजावले. २००१ मध्ये राज्याचं धोरण आलं, उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. परदेशी वाइनवर जबर सीमाशुल्क होतं, त्याचाही आधार झाला, हे मान्य करायलाच हवं. पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती सुलाची २००५ ची टेस्टिंग रूम, म्हणजे वाइन चाखायची खोली. वाइन कशी चाखायची हे माणसं गंगापूर धरणाजवळ शिकली आणि घरी गेल्यावर तीच चव शोधू लागली. मागून आलेल्या प्रत्येकाला त्या चवीशी सामना करावा लागला.

दुसरी गोष्ट कडू आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाचे अंश सापडल्यावरून युरोपने आपली द्राक्षं नाकारली, कितीतरी बागायतदार कर्जात बुडाले. कसोटी दुसऱ्याच्या हातात होती. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीने पुढे प्लॉटनिहाय नोंदी आणि रसायनांच्या अंशांची तपासणी हेच आपलं बळ केलं.

आता तुझा बेदाणा. बाजार रंग आणि साइज बघतो, आणि पिवळा रंग गंधकाच्या धुरीने कुणालाही आणता येतो. रंगावरच सौदा होतोय तोवर तू इतर शंभर जणांसारखाच. प्रत्येक पेटीसोबत अंश तपासणीचा अहवाल, ओलाव्याचं प्रमाण, कुठल्या बागेचा माल, हे दे. बेकरीवाल्याला ते मागायची सवय लागली पाहिजे. एकट्याने हे होणार नाही. शेजारचे चार-पाच बेदाणा शेडवाले सोबत घे, तेही तसाच अहवाल देऊ देत. मात्र तपासणीचा खर्च लहान शेतकऱ्याला बाहेर ढकलण्यासाठी वापरू नकोस. तसं करणारे मी पाहिलेत, मला त्यांची चीड येते.

हंगामाआधी नाशिक आणि मुंबईतल्या बेकऱ्या फिर. गेल्या वर्षी त्यांचा कुठला माल वाया गेला, का गेला, एवढंच विचार आणि मला कळव.

तुझा,
काका