फळ ताटात, कच्च्या माशात नको

प्रश्न : कामावरून घरी यायला उशीर होतो, म्हणून अर्ध्या तासात होईल असं माशाचं जेवण मी नेहमी शोधत असते. परवा अननस, लिंबू आणि पुदिना एकत्र वाटून माशाच्या तुकड्यांना चोळला आणि सकाळीच डबा फ्रिजमध्ये ठेवून गेले. रात्री तव्यावर टाकल्यावर तुकड्यांचा भुगा झाला, पुदिना काळा पडला, सोबतच्या भाज्यांना पाणी सुटलं. मासा शिळा होता का?

उत्तर : ताई, माशावर संशय घेऊ नका, हे काम अननसाचं. न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं आणि ते प्रथिनं तोडत राहतं. पपई आणि किवीतही तसलीच विकरं असतात. चिवट मटणाला त्यांचा उपयोग होतो. माशाचं मांस मुळातच कोवळं, दिवसभरात त्याचा लगदा व्हायचाच. लिंबाचं उलट. आंबटाने प्रथिनं आवळतात, तुकडा न शिजताच पांढरा पडतो आणि तव्यावर कोरडा होतो.

म्हणून फळ कच्च्या माशाला लावूच नका. आंबा, संत्रं किंवा अननस बारीक चिरा, त्यात कांदा, हिरवी मिरची, मीठ घाला आणि बाजूला ठेवा. ताटात मासा आला की त्यावर हे घालायचं. तेवढ्या वेळात अननस काही बिघडवत नाही. आंबा मात्र घट्ट, किंचित आंबट असावा. फार पिकलेला घेतला तर सगळंच गोडमिट्ट होतं.

भाज्या आधी. ढोबळी मिरची, फरसबी, गाजर मोठ्या आचेवर, तव्यावर एकच थर राहील इतक्याच परता आणि मीठ शेवटी घाला. गर्दी केली किंवा मीठ आधी पडलं की पाणी सुटतं. भाज्या काढून त्याच तव्यावर मासा.

इथे मात्र तव्यापाशी उभं राहा. तुकडे कागदाने अगदी कोरडे टिपा, मीठ लावा, तेल तापलं की कातडीची बाजू खाली ठेवा आणि हलवू नका. तुकड्याच्या कडेकडे बघत राहा : काचेसारखं दिसणारं मांस खालून वर पांढरं होत जातं. ती पांढरी रेघ दोन तृतीयांश उंचीवर आली की उलटा. खरपूस झालेला तुकडा तव्यापासून आपोआप सुटतो. चिकटत असेल तर थोडं थांबा, ओढू नका. अडीच सेंटिमीटर जाडीला एकूण आठ ते दहा मिनिटं लागतात. सर्वांत जाड भागात काटा घालून पाहा, पाकळ्या सुट्या झाल्या की झालं. थर्मामीटर असेल तर आत ६३ अंश सेल्सिअस हवं.

पुदिना, कोथिंबीर, बेसिल ही नाजूक पानं धारदार सुरीने चिरा आणि गॅस बंद केल्यावरच घाला. ठेचली की त्यांना हवा लागते आणि ती काळी पडतात, उष्णतेने वासही उडतो. रोझमेरी, थाइम यांचं उलट. त्यांच्या काड्या सुरुवातीलाच तेलात टाका.

आणि सकाळी तयारी करूनच जायचं असेल, तर माशाला तेल, मिरपूड आणि लिंबाची किसलेली साल लावून फ्रिजमध्ये ठेवा. सालीत वास भरपूर असतो, आंबटपणा जवळजवळ नसतो. रस ताटात पिळा.