१० नंबरचा गळ आणि निसटणारी चिलापी

तुमची अडचण मला अशी समजली: सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर कणीक आणि गांडूळ लावून बसता. चिलापी (तिलापिया) आणि रोहू टोचतात, झटका मारला की गळ मोकळाच वर येतो. दुकानातून '१० नंबर' आणला होता. आता उजनी धरणावर जायचं आहे, तर याहून मोठा घ्यावा का?

मोठा अजिबात घेऊ नका. तुमच्याकडचा १० नंबर बहुधा आधीच चिलापीच्या तोंडाला फार मोठा आहे.

घोळ नंबरांचा आहे. आपल्याकडच्या दुकानांत दोन मोजण्या एकाच बरणीत नांदतात. मुस्टाड कंपनीसारख्या पाश्चात्त्य पद्धतीच्या गळांत आकडा वाढला की गळ लहान होतो: १२ पेक्षा १० मोठा, १० पेक्षा ६ मोठा, मग ४, २, १. त्यानंतर १/०, २/०, ३/० असा आकडा वाढतो आणि गळही मोठा होत जातो. 'चिनू' नावाने मिळणारे जपानी घडणीचे गळ याच्या नेमके उलट. त्यात १ नंबर बारीक आणि १० नंबर दांडगा. 'चिलापीला १० नंबर लाव' असं कोणी सांगितलं असेल तर त्याच्या मनात पाश्चात्त्य १० होता, आणि तुमच्या हातात चिनू १० पडला. शिवाय एका कंपनीचा ६ दुसऱ्या कंपनीच्या ६ शी तंतोतंत जुळत नाही. म्हणून नंबर विचारण्यापेक्षा पट्टी घेऊन जा आणि टोक ते दांडी हे आतलं अंतर मोजा. ते मिलिमीटर कुठल्याही पाकिटात तेवढेच राहतात. पुढे नुसता नंबर सांगितला आहे तो पाश्चात्त्य समजा.

आता माशाच्या तोंडाकडे या. गळ माशाच्या वजनावर ठरवायची सवय आपल्याकडे फार आहे, आणि मासे हुकण्याचं मोठं कारण तेच आहे. पाव किलोच्या चिलापीचं तोंड लहान असतं आणि ती आमिष एकदम गिळत नाही, कडेकडेने कुरतडते. तिला ४ ते ६ मिलिमीटर अंतराचा, म्हणजे पाश्चात्त्य १० किंवा ८ च्या आसपासचा, बारीक तारेचा गळ हवा. रोहूचं तोंड थोडं खालच्या बाजूला, ओठ मऊ आणि झालरीसारखे; मृगळाचंही तोंड खालीच, तो तळाशी चरतो. दोघांना ७ ते ९ मिलिमीटर पुरतं, दोन किलोचा मासा असला तरी. सायप्रिनस (कॉमन कार्प) तोंड नळीसारखं पुढे काढून आमिष ओढून घेतो, काही खटकलं तर तितक्याच झपाट्याने थुंकतो. त्याला ८ ते १० मिलिमीटरचा, छोट्या दांडीचा गळ. कटल्याचं तोंड मोठं आणि वर वळलेलं असतं, पण खाणं बारीक. तो पाण्यात विरघळणारा भुगा शोषतो. म्हणून त्याच्यासाठी चाऱ्याच्या गोळ्याभोवती तीन-चार मध्यम गळ आखूड दोऱ्यांवर सोडतात. एकच भलामोठा गळ तिथे कामाचा नाही.

या सगळ्या माशांचे दात घशात असतात, जबड्यावर नाहीत (चिलापी सोडून, तिला अगदी बारीक दात असतात). ओठ मऊ असल्यामुळे बारीक तारेचा, धारदार गळ सहज रुततो. जाड तारेला रुतायला जोर लागतो, आणि तो जोर लवचीक काठी आणि ताणणारा तंगूस (नायलॉनचा दोरा) मिळून खाऊन टाकतात.

मरळीचं गणित वेगळं. जबडा कडक, दात खरे. जिवंत लहान मासोळी लावायची तर जाड तारेचा १/० ते ३/०, म्हणजे १२ ते १८ मिलिमीटर. शिंगट्यालाही तसाच, कारण तोंड रुंद आहे आणि तो कोंबडीची आतडी किंवा झिंगा पूर्ण घेतो. वांब मात्र लांब निमुळत्या तोंडाची. तिला लांब दांडीचा ६ किंवा ४ नंबर द्या, नाहीतर गळ घशात जातो आणि काढताना हाल होतात.

अर्धा निर्णय आमिषावरही आहे. गांडूळ असेल तर लांब दांडीचा गळ घ्या. दांडीवर बारीक खाचा असलेला मिळाला तर उत्तम, गांडूळ खाली घसरत नाही. गांडूळ दांडीवर चढवा आणि शेपूट एखादा सेंटिमीटर मोकळं सोडा. त्याहून जास्त सोडलं की चिलापी तेवढंच तोडून नेते. कणकेसाठी उलट, छोट्या दांडीचा आणि गोल वाकाचा गळ बरा. गोळा वाकात बसतो, दांडीवर पसरत नाही.

आपल्या भागात बरेच जण नुसत्या ज्वारीच्या पिठाचा गोळा करतात. ज्वारीला चिकटपणा नाही, पाण्यात गेल्यावर काही मिनिटांत सुटतो. दोन वाट्या गव्हाची कणीक, एक वाटी ज्वारी, अर्धी वाटी शेंगदाणा पेंड असं घट्ट मळून ओल्या फडक्यात ठेवा. गोळा चिलापीला वाटाण्याएवढा, रोहूला बोराएवढा. आणि टोक उघडं ठेवा! तुमचा गळ मोकळा येण्याचं दुसरं मोठं कारण मला हेच वाटतं. उन्हात गोळा कडक होतो, टोक आत अडकून बसतं, झटक्यात फक्त गोळा निसटतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी गोळा बदला, मासा टोचो न टोचो.

सायप्रिनस सतत थुंकत असेल तर आमिष गळाला लावूच नका. गळाच्या वाकातून निघणाऱ्या आखूड दोऱ्याला रात्रभर भिजवून उकडलेला हरभरा किंवा मक्याचा दाणा ओवा, वाक आणि दाणा यांत पाचेक मिलिमीटर मोकळं ठेवा. मासा दाणा ओढतो, उघडा गळ पाठोपाठ आत जातो आणि थुंकताना ओठात रुततो.

तारेचा तोल तंगुसाशी जुळवा. बारीक तारेच्या १० नंबरला ०.२० ते ०.२५ मिलिमीटर जाडीचा तंगूस, रोहू-सायप्रिनसला ०.३० ते ०.३५, मरळीला पाणवनस्पतीत ०.४० च्या वर किंवा विणलेली दोरी. जाड तंगुसावर नाजूक गळ बांधून रीळ घट्ट केलं तर मोठा मासा गळ सरळ करून जातो. उजनीच्या काठाला पाण्याखाली बाभळीची खोडं भरपूर आहेत. तिथे मध्यम तार चांगली: अडकली तर सावकाश ओढल्यावर थोडी उघडून सुटते, तंगूस तुटत नाही. उघडलेला गळ पकडीने वाकवून पुन्हा वापरू नका, तिथे पोलाद कमजोर झालेलं असतं.

टोक रोज तपासा. अंगठ्याच्या नखावर टेकवून हलकेच ओढा. रुतलं तर धार आहे, घसरलं तर टाकून द्या. दगडावर आपटलेला गळ दिसायला नवा असतो आणि टोक चपटं झालेलं असतं. एक गंजका गळ डबीतल्या बाकीच्यांना गंजवतो, म्हणून ओले गळ पुसून, वाळवूनच आत ठेवा.

चिनू गळाला बऱ्याचदा तंगूस ओवायचा डोळा नसतो, दांडीचं टोक चपटं असतं. त्याला डोळ्याची गाठ चालत नाही. तंगूस दांडीला समांतर धरून सात-आठ वेढे द्यायचे, ओला करून आवळायचा. तंगूस दांडीच्या आतल्या बाजूने, म्हणजे टोकाकडून, निघाला पाहिजे. मागून निघाला तर चपट्या कडेला घासून कापला जातो, गळही तिरका ओढला जातो.

शिंगट्यासाठी टोक आत वळलेला सर्कल गळ मिळाला तर जरूर घ्या, पण त्याला झटका मारायचा नाही. तंगूस ताणला की नुसतं गुंडाळत जा, गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. झटका मारलात तर तो तोंडातून तसाच बाहेर येतो. कुठलाही गळ घशात गेला असेल आणि मासा सोडायचा असेल तर उपटू नका, तंगूस तोंडाशी कापा. स्वतःच्या बोटात उलट्या काट्यापर्यंत रुतला तरी उपटू नका, दवाखान्यात जा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. तुटका तंगूस आणि गळ काठावर टाकू नका. हिप्परगा आणि उजनी दोन्हीकडे पाणपक्षी आहेत, त्यांच्या पायात तो गुंततो.

सुरुवातीला तीन पाकिटं पुरेत: लांब दांडीचा १० नंबर गांडुळावर चिलापीला, छोट्या दांडीचा ६ नंबर कणकेवर रोहू-मृगळाला, आणि ४ नंबर सायप्रिनसला. थंडीत मासे मंद खातात, तेव्हा तिन्हीकडे एक माप लहान गळ घ्या आणि गोळाही लहान करा. मरळीचे गळ नंतर घ्या. आणि उजनीला जाण्याआधी त्या काठाचा मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे ते विचारून परवानगी घ्या.