बरं वाटेल त्या दिवशीच हात आखडता घ्या

प्रश्न : वय 41. दीड वर्षापूर्वीच्या तापानंतर थकवा गेलाच नाही. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून क्रॉनिक फटीग सिंड्रोमचं, म्हणजे दीर्घकाळ न जाणाऱ्या थकव्याच्या आजाराचं, निदान केलं. बरं वाटलं की साचलेली कामं उरकते आणि मग दोन-तीन दिवस उठवत नाही. घरचे म्हणतात, रोज थोडं थोडं चालणं वाढव. काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर : चालणं वाढवत नेऊ नका. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेने ऑक्टोबर 2021च्या मार्गदर्शिकेत, ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवण्याचा उपचार या आजारात देऊ नये, असं स्पष्ट म्हटलंय. घरच्यांना हे जरूर वाचून दाखवा. तुम्ही आळस करत नाही आहात.

या आजारात श्रमाचा फटका बहुतेकदा 12 ते 48 तासांनी बसतो. मंगळवारी अंथरूण धरलंत, तर कारण रविवारच्या कामात शोधायचं. म्हणूनच 'झेपतंय तोवर करते' हा हिशेब चुकतो. झेपत नाही हे शरीर सांगतं, तोवर उशीर झालेला असतो.

दोन आठवडे वहीत लिहा : कोणतं काम, किती मिनिटं, उभ्याने की बसून, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास किती. फोनवरचं बोलणं, पाहुणे, बँकेचे कागद हेही श्रमच, तेही लिहा. ओट्याशी 20 मिनिटं उभं राहिल्यावर त्रास होतो असं दिसलं, तर 10 मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजला की बसा, पोळी तव्यावर असेल तर गॅस बंद करून.

पोळ्यांचंच घ्या. कणीक मळण्यात खांदे-दंड दमतात, ते काम दुसऱ्या कुणाकडे द्या. लाटायला उंच स्टूल घ्या. चार पोळ्या झाल्या की 15 मिनिटं डोळे मिटून आडवं व्हा. मोबाइल बघत लोळणं ही विश्रांती नव्हे. अंघोळ स्टुलावर बसून, कोमट पाण्याने करा; कढत पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, नाडी वाढते. केस धुवायचे त्या दिवशी दुसरं जड काम नको.

नाडीचाही उपयोग होतो. सकाळी उठण्याआधीची नाडी सात दिवस मोजून सरासरी काढा, त्यात 15 मिळवा. सरासरी 72 असेल तर 87च्या वर गेल्यावर थांबायचं. बीटा ब्लॉकरची (नाडी मंद ठेवणारी) गोळी चालू असेल तर हा आकडा धरू नका. नुसतं उभं राहिल्यावर 10 मिनिटांत नाडी 30 किंवा जास्त वाढत असेल, तर डॉक्टरांना ते आकडे दाखवा. त्यावर वेगळे उपचार आहेत.

सगळ्यात अवघड आहे तो बरा दिवस. त्या दिवशीही ठरलेलंच काम करा. दोन-तीन आठवडे फटका बसला नाही, तर एकच गोष्ट थोडी वाढवा, त्रास दिसताच मागे या. गौरी-गणपतीत मोदक वळणं किंवा आल्यागेल्यांशी बसणं, यातलं एकच निवडा, आणि आधीचे व नंतरचे दोन-दोन दिवस मोकळे ठेवा.

छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, वजन घटणं किंवा ताप यांपैकी काही नव्याने सुरू झालं, तर ते या आजाराच्या खाती टाकू नका. लगेच तपासून घ्या.