दिरांच्या पैशांनी कर्ज फेडू का?

प्रश्न : मी मेरीलँडमध्ये एका संरक्षण कंत्राटदार कंपनीत इंजिनिअर आहे. २०१७ पासून अमेरिकन नागरिक. आई कोल्हापूरला असते, भाऊ पुण्यात केंद्र सरकारच्या संरक्षण प्रयोगशाळेत आहे. आईची बायपास आणि माझे बेकारीचे आठ महिने यांत तीन क्रेडिट कार्डांचे मिळून ३१,००० डॉलर थकले. 'सीक्रेट' क्लिअरन्सच्या, म्हणजे सरकारी गोपनीय माहिती हाताळायच्या परवानगीच्या, अर्जावर आता 'स्टेटमेंट ऑफ रीझन्स', म्हणजे सरकारच्या हरकतींची नोटीस आलीय, त्यात भाऊ आणि कर्ज दोन्ही आहेत. पुण्याचे दीर कर्ज फेडायला पैसे पाठवतो म्हणतात. घेऊ का?

उत्तर : ताई, तूर्त घेऊ नका. दीर मायेनं देतायत, यात शंका नाही. पण तुमच्या नोटिशीत आज दोन सुटे मुद्दे आहेत : गाइडलाइन 'बी', म्हणजे परदेशातली नाती, आणि 'एफ', म्हणजे थकलेली देणी. पुण्याचे पैसे घेतलेत की त्या दोन्हींची गाठ तुम्हीच बांधून द्याल. परदेशातल्या माणसाच्या उपकाराखाली असलेल्यावर दबाव आणणं सोपं, हीच तर सरकारची धास्ती.

भावाचं लपवण्यासारखं काही नाही, आणि 'आमचं फारसं बोलणं होत नाही' असलं काही लिहूही नका. सख्ख्या नात्यात जिव्हाळा असतोच, असं न्यायाधीश गृहीत धरूनच चालतात. भारत मित्रदेश आहे याचा उपयोग होतो, पण तेवढ्यावर भागत नाही, कारण भाऊ सरकारी नोकर आहे आणि तोही संरक्षण खात्यात. त्यामुळे जोर द्यायचा तो तुमची मुळं इथे किती खोल गेलीत यावर : घर, नवऱ्याची नोकरी, मुलांची शाळा, निवृत्तीची शिल्लक. आणि भावाशी कामाबद्दल बोलणं होत नसेल, तर तसं स्पष्ट लिहा.

कर्जाची बाजू तुम्हाला वाटते तितकी वाईट नाही. आजारपण आणि गेलेली नोकरी ही हाताबाहेरची कारणं म्हणून नियमांतच मान्य आहेत. खरा प्रश्न त्यानंतर तुम्ही काय केलंत हा. बँकेनं 'चार्ज-ऑफ' केलं, म्हणजे आपल्या हिशेबात थकबाकी बुडीत धरली, की कर्ज माफ झालं, असा आपल्याकडे सर्रास गैरसमज आहे. ते देणं तसंच उभं असतं. सगळं आजच फिटलेलं असावं अशी अपेक्षा नसते. ना-नफा क्रेडिट समुपदेशकाकडे जा, झेपेल असा हप्ता ठरवा, या महिन्यापासून भरा आणि पावत्या जपा. 'पुढे फेडीन' या शब्दाला तिथे फारशी किंमत नाही.

आता मुदत. नोटीस हाती पडल्यापासून २० दिवसांत लेखी उत्तर जायला हवं, प्रत्येक आरोपापुढे 'मान्य' किंवा 'अमान्य' लिहून. सुनावणी हवी असेल तर त्याच उत्तरात मागा, नाहीतर निकाल कागदांवरच लागतो. मी तर मागाच म्हणेन. संशयाचा फायदा इथे अर्जदाराला मिळत नाही. क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली ईगन खटल्यात सांगून ठेवलंय. अशा वेळी माणूस समोर बसून बोललेला बरा.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही. १२० दिवसांहून जास्त थकलेली देणी क्लिअरन्सच्या अर्जाच्या फॉर्ममध्ये विचारतात. तिथे तुम्ही काय लिहिलंत? 'नाही' लिहिलं असेल, तर प्रकरण कर्जाचं न राहता खरेपणाचं होतं, आणि जाणूनबुजून खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे. तसं असेल तर नोटिशीला एक ओळही लिहिण्याआधी तो फॉर्म घेऊन वकिलाकडे जा. आईबरोबर कोल्हापूरला जॉइंट खातं असेल, तर त्याचं पासबुकही न्या.