शाळेत इतर प्रांतांच्या कला मुलांना दाखवायच्या आहेत, पण पैसे फार नाहीत. कुणाला विचारावं?

शाळा-कॉलेजांत भारतीय कलांचे कार्यक्रम करणाऱ्या ‘स्पिक मॅके’ या संस्थेच्या जवळच्या शाखेला विचारा. मुलांना तिकीट नसतं. आयआयटी दिल्लीतले प्रा. किरण सेठ यांनी १९७७ साली सुरू केलेली ही चळवळ स्वयंसेवकांवर चालते. शास्त्रीय संगीत-नृत्याबरोबर लोककला आणि हस्तकलांचे कार्यक्रमही होतात. कलाकार सादर करता करता समजावून सांगतात, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आमच्या शाळेत ओडिसी नृत्याच्या वेळी पाचवीची मुलं जागेवर उभी राहून त्रिभंग, म्हणजे मान, कंबर आणि गुडघ्यात वाकून उभं राहण्याची ढब, करून बघत होती. आजूबाजूच्या वस्तीतल्या पालकांनाही जरूर बोलवा. मात्र अमुकच कलाकार हवा असा हट्ट चालत नाही, आणि हॉल, माइक, चहापाणी याची तयारी शाळेने ठेवावी.