बेसबॉल हा संथ खेळ म्हणतात, मग ऑक्टोबरमधल्या पोस्टसीझनसाठी चाहते एवढा जीव का टाकतात?

तुमच्या प्रश्नातील दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि माझ्या अनुभवाने दुसरी पहिलीतूनच येते. मी २००४ साली नोकरीनिमित्त सिअ‍ॅटलला आले आणि इथल्या मरिनर्स संघाच्या नादी लागले. मुहूर्त काही बरा नव्हता, कारण त्या वर्षी संघ १६२ पैकी ९९ सामने हरला. मात्र त्याच वर्षी आमच्या इचिरो सुझुकीने एका मोसमात २६२ हिट्स (बॅटरला बेसवर पोहोचवणारे फटके) मारून जॉर्ज सिसलरचा १९२० पासूनचा २५७ चा विक्रम मोडला, आणि संघ कितीही हरत असला तरी इचिरोची पाळी आली की माझ्या हातातले काम थांबत असे. एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज सामना असतो, त्यामुळे तो खास वेळ काढून पाहिला जातोच असे नाही. भाजी निवडताना किंवा गाडी चालवताना तो रेडिओवर चालू असतो, आणि आज हरले तरी उद्या आहेच, या भरवशावर आपणही निवांत असतो.

ऑक्टोबरमध्ये हा ‘उद्या’ काढून घेतला जातो. सध्या ३० पैकी १२ संघ पोस्टसीझनमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, जातात. पहिली फेरी तीन सामन्यांची, दुसरी पाचांची आणि शेवटच्या दोन सातांच्या असतात. सहा महिने सिद्ध केलेली गुणवत्ता अशा आठवडाभराच्या मालिकेत टिकेलच, असे नाही. मरिनर्सनी २००१ मध्ये ११६ सामने जिंकून शिकागो कब्जच्या १९०६ च्या विक्रमाची बरोबरी केली, आणि तरीही न्यूयॉर्क यांकीजनी त्यांना वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेच्या उंबरठ्यावरून ४-१ असे परत पाठवले. २०२३ च्या विश्वचषकात सलग दहा सामने जिंकलेला भारत अहमदाबादला हरताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याहून अधिक सांगायला नको.

त्यानंतर मरिनर्स पोस्टसीझनला पोहोचले ते थेट २०२२ मध्ये. पहिल्या फेरीतल्या, टोरांटोत झालेल्या दुसऱ्या सामन्यात ते ८-१ असे मागे पडले, तेव्हा सिअ‍ॅटलच्या मैदानात मोठ्या पडद्यासमोर जमलेल्या लोकांनी नशीब फिरावे म्हणून डोक्यावर बूट ठेवले आणि संघ १०-९ असा जिंकला. ‘पायीची वहाण पायीच बरी’ ऐकत वाढलेली मी पुढच्या शनिवारी, १५ ऑक्टोबरला, ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजविरुद्धच्या सामन्यात स्वतः डोक्यावर बूट धरून उभी होते. शेजारी साताऱ्याहून आलेले बाबा बसले होते. त्यांचे सगळे आयुष्य कसोटी क्रिकेट पाहण्यात गेले, त्यामुळे संथपणाची त्यांना भीती नव्हती.

इथे एक नियम सांगायला हवा. सामना नऊ डावांचा असतो आणि बरोबरी झाली तर पुढे चालतो. २०२० पासून साखळी सामन्यांत दहाव्या डावापासून दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या अर्ध्या वाटेवर, एक धावणारा आयताच उभा केला जातो, म्हणजे निकाल लवकर लागतो. पोस्टसीझनमध्ये ही सवलत नाही. त्या दिवशी सतरा डावांत कोणालाही एकसुद्धा धाव काढता आली नाही. सातव्या डावात सगळे प्रेक्षक उभे राहून गाणे म्हणतात, ते चौदाव्यात पुन्हा म्हटले गेले. “अनिर्णित जाहीर करून चहाला का जात नाहीत हे?” असे बाबांनी शेंगांची टरफले चाळवत विचारले खरे, पण तेही जागचे हलले नव्हते. दोन चेंडूंमधल्या ज्या रिकाम्या वेळाला लोक कंटाळा म्हणतात, तोच अशा वेळी सोसवत नाही. बॅटर पाय रोवतो, पिचर चेंडू बोटांत फिरवतो, आणि आपण किती आउट, किती स्ट्राइक, राखीव पिचरांपैकी कोण अंग मोकळे करतो आहे, याचा हिशेब करत राहतो. चेंडू सुटला की खरे तर सुटका होते. अठराव्या डावात अ‍ॅस्ट्रोजच्या जेरेमी पेन्याने होम रन (षटकारासारखा थेट सीमेपार फटका) मारला आणि सहा तास बावीस मिनिटांनी आम्ही १-० असे हरलो. “उद्या परत आहे ना?” बाबांनी विचारले. नव्हता, मालिका ३-० अशी संपली होती.

२०२५ मध्ये आम्ही आणखी पुढे गेलो. डेट्रॉइट टायगर्सविरुद्धचा निर्णायक सामना पंधराव्या डावात होर्हे पोलांकोच्या फटक्यावर ३-२ असा जिंकला, त्या रात्री मला झोप अशी लागलीच नाही. मग २० ऑक्टोबरला पुढच्या फेरीतला टोरांटो ब्लू जेजविरुद्धचा सातवा सामना आला, आणि इथल्या पंचांगाप्रमाणे लक्ष्मीपूजनही त्याच संध्याकाळी होते. आवाज बंद केलेला फोन मी लाह्या-बत्ताशांच्या ताटाआड ठेवला होता, आणि ते पाहून नवरा काही बोलला नाही, कारण त्याचेही लक्ष तिथेच होते. आरती होईपर्यंत आम्ही ३-१ असे पुढे होतो. सातव्या डावात एक आउट झाला तेव्हा टोरांटोचे दोघे बेसवर होते. वर्ल्ड सिरीज आणि आमच्यात फक्त आठ आउट उरले होते. आमचा पिचर ब्रायन वूला काढून एदुआर्द बाझार्दोला आणले, आणि जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होम रन मारला. आम्ही ४-३ असे हरलो. सगळ्यांत भरवशाचा राखीव पिचर आंद्रेस मुन्योस तेव्हा बुलपेनमध्येच, म्हणजे राखीव पिचर थांबतात तिथेच, होता. निकाल कळल्यावर शहाणपण सांगणे सोपे असते हे मान्य करूनही मला वाटते, की त्याला नवव्या डावासाठी राखून ठेवणे ही एप्रिलची सवय होती. सातव्या सामन्यात नववा डाव आपल्या कामाचा उरेल, हे कोणी सांगावे? वर्ल्ड सिरीज कधीच न खेळलेला तीसपैकी एकमेव संघ ही आमची ओळख त्या रात्री तशीच राहिली.

तुमच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर मला पुढच्याच आठवड्यात मिळाले. वर्ल्ड सिरीजमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्स आणि ब्लू जेज यांचा तिसरा सामनाही अठरा डाव चालला आणि फ्रेडी फ्रीमनच्या होम रनने डॉजर्सनी तो ६-५ असा जिंकला. खेळ अप्रतिम होता, आणि चेंडूंमधला रिकामा वेळही तितकाच लांब होता. त्या वेळात मी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या, उरलेल्या चकल्या डब्यात भरल्या, आणि तेराव्या डावात दिवा मालवून झोपायला गेले.